ज्ञानू सोनवल्याची बदली

ज्ञानू सोनवले हा माणूस आयुष्यभर एकच काम करत आला, ते म्हणजे उभं राहणं. पलटणीत होता तेव्हा हॉकीच्या गोलात उभा राहिला. पलटणीतून सुटल्यावर गिरणीच्या गेटवर उभा राहिला, आणि गिरणीची टीम कुठं खेळायला निघाली की पुन्हा गोलात. उंब्रजच्या पलीकडे त्याचं गाव. तिथं लोक त्याला विचारायचे, "ज्ञानू, तू पलटणीत करतोस तरी काय रं?" ज्ञानू खरं ते सांगायचा. "बॉल अडवतो." "मंग?" "मंग काय न्हाई. पुना येतो, पुना अडवतो." लोक हसायचे. सरकार असल्या कामाला माणसं ठेवतं हे कुणालाच पटायचं नाही. काहींना वाटायचं, आत काहीतरी गुपित काम असणार आणि हा सांगत नाही. त्यामुळे वस्तीत त्याचा मान उलट थोडा वाढलाच होता.

साताऱ्याला भरती झाला तेव्हा त्याला मिसरूडही धड फुटलं नव्हतं. हॉकीची काठी त्यानं पहिल्यांदा पाहिली ती ट्रेनिंगमध्ये, आणि ती शिक्षेची काठी आहे असं समजून तो हात पुढं करून उभा राहिला. हवालदार कूर्गचा होता. तो पोट धरून हसला आणि पोरांना एका रांगेत उभं करून त्यांच्या अंगावर चेंडू मारायला लागला. पोरं वाकली, पळाली, कुणी तोंड फिरवलं. ज्ञानू जागचा हलला नाही. चेंडू नडगीवर बसला, दुसरा मांडीवर बसला, तरी हा तिथंच. हवालदारानं त्याच दिवशी त्याला गोलकीपर करून टाकलं. ज्ञानू काही फार शूर होता असं नाही. हलायचं आपल्याला सुचलंच नाही, असं तो स्वतःच सांगायचा, आणि माझं तर म्हणणं, त्याच्या जन्माची सगळी गोष्ट या एका वाक्यात आली.

पुढं बारा-तेरा वर्षं तो काठीवर जगला. बाकीचे जवान खंदक खणत, भांडी घासत, रात्रीचा पहारा करत, तेव्हा टीमवाल्यांना दूध आणि अंडी मिळायची. त्यावरून टोमणे ऐकावे लागायचे, पण अंड्याबरोबर टोमणा गिळायला फारसं जड जात नाही. जबलपूर, सागर, मेरठ, बंगळूर, जिथं पलटण तिथं टीम. संध्याकाळी बदलीचा हुकूम आला की सकाळी वळकटी बांधून गाडीत. कुठं, कशाला, किती दिवस, हे विचारायची रीतच नव्हती. सुरुवातीला एकदा त्यानं विचारलं होतं. सुभेदारानं त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं की पुन्हा त्यानं कुणाला काही विचारलं नाही.

तिकडं गावात त्याची बायको बयाबाई थोरल्या दिराच्या घरात राहत होती. दीर सिद्धू स्वभावानं गरीब, पण त्याची बायको रंगुबाई घरात हुकूम चालवणारी. चूल तिची, कोठी तिची, कोणाला किती भाकरी हेही तीच ठरवायची. ती वाईट होती असं म्हणता येणार नाही. पण दुसऱ्याच्या चुलीपुढं बसायचं म्हणजे काय, ते बसणाऱ्यालाच कळतं. ज्ञानू वर्षाकाठी सुट्टीवर यायचा, पाहुण्यासारखा राहायचा आणि पाहुण्यासारखा जायचा. सत्तावन्न साली आला तेव्हा घरातला देव्हारा गेलेला होता आणि त्या जागी बाबासाहेबांचा फोटो. सगळी वस्ती बौद्ध झाली होती. ज्ञानूनं बाहेरूनच हात जोडले आणि बयाबाईला म्हणाला, "एवढं सगळं झालं आन् मी न्हवतो." ती म्हणाली, "तुमी कवा असता?" त्यांची एकच लेक. ती जन्मली तेव्हा हा मेरठला, ती लग्न होऊन विट्याला नांदायला गेली तेव्हाही मांडवातून दुसऱ्याच दिवशी निघालेला.

बासष्ट साली टीम मोडली. काठ्या कोठारात गेल्या आणि बंदुका हातात आल्या. लढाई ज्ञानूच्या वाट्याला फारशी आली नाही, पण लढाईनंतरची लडाखची थंडी आली. तिथं एक तळं होतं. हिवाळ्यात ते इतकं गोठायचं की त्यावरून खेचरं चालत जायची. त्यांचा एक कॅप्टन सिमल्याचा होता. तिकडं साहेबलोक बर्फावर हॉकी खेळतात, ते त्यानं लहानपणापासून पाहिलेलं. सहा महिने बसून बसून माणसं एकमेकांच्या अंगावर धावायला लागली होती, तेव्हा त्यानं त्यांना तळ्यावर उतरवलं. चाकूवाणी पातं लावलेले बूट फक्त त्याच्याकडं होते. बाकीच्यांनी बुटाला सुतळी गुंडाळली. चेंडूऐवजी पॉलिशची डबी, आत ओली माती भरून रात्रभर गोठवलेली. ती बर्फावरून अशी सुटायची की डोळ्याला दिसायची नाही, नुसती नडगीला कळायची.

आणि तिथं ज्ञानू राजा झाला. धावणारे सगळे आडवे पडत. पंजाबी पडला, कूर्गचा पडला, खुद्द कॅप्टन पात्याच्या बुटासकट पडला. ज्याचं काम उभं राहण्याचं, तो तेवढा उभा. हे सांगताना पुढं कितीतरी वर्षांनी त्याचा चेहरा उजळायचा. "आख्ख्या तळ्यावर मी एकटा हुबा हुतो गड्या," म्हणायचा. मग एके दुपारी एक धिप्पाड जवान घसरत आला, त्याला थांबता आलं नाही, आणि तो सगळ्या वजनानिशी ज्ञानूच्या उजव्या गुडघ्यावर येऊन आदळला. लष्करी दवाखान्यात गुडघा बसवला. ज्ञानू चालायला लागला, धावायलाही लागला, पण थंडी पडली की गुडघ्यात ते तळं पुन्हा गोठायचं. पंधरा वर्षं भरल्यावर त्यानं पलटण सोडली.

साताऱ्यात त्या काळी सुटून आलेले फौजी काही कमी नव्हते. जिथं पहारेकऱ्याची एक जागा, तिथं दहा मिशा हजर. ज्ञानू वर्षभर हिंडला. मग साताऱ्याच्या मैदानावर माजी सैनिकांचा एक सामना झाला, त्यात नानासो थोरातानं त्याला पाहिलं.

हा नानासो म्हणजे इस्लामपूरच्या अलीकडं एक सूतगिरणी होती, तिथला टाइमकीपर. आता ती गिरणी नाही, तिचं नाव घेऊन उपयोगही नाही. गिरणीच्या मालकांना हॉकीचं वेड, आणि टीमचा सगळा कारभार नानासोच्या अंगावर. माणूस मनानं चांगला, पण सदा घाईत. पायात भिंगरी, तोंडात अर्धं वाक्य. उरलेलं अर्धं ऐकणाऱ्यानं आपलं आपण पुरं करून घ्यायचं. सामना संपल्यावर तो ज्ञानूला म्हणाला, "सोनवले, आमच्याकडं या. सुरुवातीला बदली. मग बघू." ज्ञानू गेला. कशाचं मग आणि काय बघू, हे त्यानं विचारलं नाही.

गिरणीतलं बदली म्हणजे काय, ते सांगितलं पाहिजे. गिरणीत कामगार दोन जातीचे. एक कायम, दुसरे बदली. कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी ज्याला आत घेतात तो बदली. भल्या सकाळी भोंग्याच्या आधी येऊन गेटवर उभं राहायचं. आत कोणाला ताप आला, कोणाची म्हैस व्याली, कोणी पिऊन पडला, की मुकादम बाहेर येऊन बोट दाखवणार. बोट आपल्याकडं आलं तर काम, नाही तर घर. दुसऱ्याच्या दुखण्यावर आपली भाकरी. ज्ञानूला हे कधी आवडलं नाही, पण गेटवर उभं राहायची सवय त्याच्याइतकी कुणाला असणार?

टीममधले बाकीचे बहुतेक एकेक करून कायम झाले. ज्ञानूचं मात्र दर वर्षी राहायचं. नानासो म्हणायचा, "औंदा सांगलीचा कप आला की…" आणि पुढचं हातानं दाखवायचा. सांगलीला दर हिवाळ्यात मोठी स्पर्धा भरायची. एका वर्षी कप आला नाही, दुसऱ्या वर्षी आला तर मालक मुंबईला होते. ज्ञानू वाट बघत राहिला. मला या माणसाचा राग येतो तो इथं. मालकाच्या दारात जाऊन एकदा तरी सरळ विचारायचं होतं. पण ते त्याला जमण्यातलं नव्हतं.

वाट कसली बघत होता, तर खोलीची. गिरणीच्या मागं कामगारांची चाळ होती. कायम झालेल्याला त्यात एक खोली मिळायची. बाहेर इस्लामपुरात खोली बघायला ज्ञानू आणि बयाबाई दोघं मिळून हिंडले होते. लोक आधी नाव विचारायचे, मग गाव, मग गावात घर कोणत्या बाजूला. तिसऱ्या प्रश्नाच्या उत्तराला खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली निघायची. सबंध दिवस हिंडून बयाबाई एस.टी. स्टँडच्या बाकावर बसली आणि म्हणाली, "आवं, मला वाडा नको. चार भिंती आन् एक चूल. त्या चुलीवर मी ठरवीन किती भाकरी टाकायच्या. म्हातारपन यायच्या आत एवढं करा." इतक्या वर्षांत तिनं त्याच्याकडं मागितलं ते एवढंच. चाळीत कुणी तिसरा प्रश्न विचारत नव्हतं. म्हणून ज्ञानू बदलीचा कायम व्हायला इतका आसुसला होता, आणि गुडघा ओरडत असतानाही दर हिवाळ्यात गोलात जाऊन उभा राहत होता.

एकोणसत्तरच्या हिवाळ्यात नानासोनं एक नवा गोलकीपर आणला. जालिंदर त्याचं नाव, वय बावीस-तेवीस, आटपाडीकडच्या धनगराचा मुलगा. घरची मेंढरं दुष्काळात विकून बाप शेतीला लागलेला, हा कामाला बाहेर पडलेला. अंगानं लवलवीत, नजर तीक्ष्ण. ज्ञानू उभा राहून चेंडू अडवायचा, हा झेप टाकून अडवायचा. तोही बदलीच. दोघं सकाळी गेटवर शेजारी शेजारी उभे राहायचे आणि संध्याकाळी मैदानावर एकाच गोलात आळीपाळीनं. जालिंदर त्याला दादा म्हणायचा, त्याचे पॅड उचलून आणायचा. ज्ञानू त्याला शिकवायचाही. पण रात्री गुडघ्याला तेल चोळताना त्याच्या मनात एकच हिशोब चालायचा. गोलात एकच माणूस लागतो.

सांगलीची फायनल पुण्याहून आलेल्या एका टीमबरोबर होती. मैदानाला दोराचं कुंपण, बाहेर माणसांची गर्दी, मालक खुद्द मंडपात खुर्चीवर. त्या स्पर्धेत कमिटीनं स्वतःचा एक नियम ठेवला होता. गोलकीपरला इजा झाली तर पंचाला सांगून बदली गोलकीपर घेता यायचा. त्यामुळे जालिंदर काठाशी बसला होता.

ज्ञानूचा पहिला हाफ चांगला गेला. गिरणीनं एक गोल केला आणि ज्ञानूनं एकही होऊ दिला नाही. पण हाफ संपता संपता पुण्याचा एक गडी चेंडूमागं आला आणि त्याची काठी ज्ञानूच्या उजव्या गुडघ्याला लागली. मार मोठा नव्हता. जागा वाईट होती. शिटी झाल्यावर ज्ञानू काठाकडं आला तो लंगडत, दात आवळून, कुणाच्या लक्षात येऊ नये म्हणून हळूहळू.

नानासोच्या लक्षात आलं. तो मंडपातून धावत आला, मागं वळून मालकांकडं एकदा बघितलं आणि ज्ञानूच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "सोनवले, मालकांशी बोललो. तुमची बदली करायचं ठरलं. आता काळजी…" एवढ्यात मंडपातून त्याला हाक आली. तो तसाच मागं पळाला. जाता जाता जालिंदरला म्हणाला, "तू पॅड बांध रं."

ज्ञानू तिथंच थांबला. त्याच्या पुढ्यात जालिंदर खाली बसून पॅडचे पट्टे आवळायला लागला होता. तुमची बदली करायचं ठरलं. म्हणजे आपल्या जागी हा. आज मैदानावर, उद्या गेटवर, परवा कायम. त्याला खोली दिसली, ती दुसऱ्याच्या नावावर झालेली. बयाबाई स्टँडच्या बाकावर बसलेली दिसली. कुणी आपल्याला उचलून बाजूला ठेवतंय आणि आपण नेहमीसारखे वळकटी बांधून चाललोय, हे त्याला त्या क्षणी सोसवेना. जन्मात पहिल्यांदा त्यानं हुकूम मोडला.

"दादा, मी हाय आता," जालिंदर म्हणाला. "तुमी बसा."

"तू बस," ज्ञानू म्हणाला, आणि शिटीच्या आधीच गोलात जाऊन उभा राहिला.

पंच येऊन गेला, ज्ञानूनं मान हलवून आपण ठीक असल्याचं सांगितलं. थोड्या वेळानं नानासो दोरापाशी येऊन ओरडायला लागला. "सोनवले, बाहेर या. गुडगा संभाळा." ज्ञानूनं त्याच्याकडं पाहिलं नाही. त्याला वाटलं, माझा गुडघा कशाला, तुमचं काम संभाळायला लागलाय तुम्ही. लोकांनाही वाटलं, काय हट्टी म्हातारा आहे. म्हातारा म्हणजे चाळिशीचाही नव्हता.

तो दुसरा हाफ ज्यांनी पाहिला ते अजून बोलतात. पुण्याची टीम गोलावर तुटून पडली होती. ज्ञानू एका पायावर वजन ठेवून उभा, दुसरा नुसता टेकवलेला. डावीकडून आलेले चेंडू पॅडवर, उजवीकडून आलेले अंगावर. त्याला झेप टाकता येत नव्हती, म्हणून तो चेंडूच्या वाटेत पडायचा आणि काठीला धरून उठायचा. शेवटी शेवटी पुण्याचा फॉरवर्ड एकटा चेंडू घेऊन आत आला. मध्ये कुणी नाही. ज्ञानू पुढं गेला, आयुष्यात कधी नव्हे तो जागा सोडून चार पावलं पुढं गेला, आणि चेंडूवर आडवा झाला. चेंडू पोटाशी अडकला. फॉरवर्ड थांबू शकला नाही. गुडघ्यातून जो आवाज झाला तो दोरापर्यंत ऐकू आला.

कप गिरणीचा झाला. मालक मैदानात आले, त्यांनी गळ्यातला हार काढून स्ट्रेचरवरच्या ज्ञानूच्या छातीवर ठेवला आणि म्हणाले, "शाब्बास." ज्ञानूला वाटलं, आता कोण मला काढतंय. त्या समाधानात तो मिरजेच्या दवाखान्यापर्यंत गेला.

चार दिवसांनी नानासो आला. स्टुलावर बसला, टोपी काढली, पुन्हा घातली. ज्ञानूचा पाय कमरेपासून घोट्यापर्यंत प्लास्टरमध्ये होता. डॉक्टर म्हणाले होते, जखम भरेल, पण हा गुडघा आता वाकणार नाही.

"सोनवले, मला एक सांगा," नानासो म्हणाला. "मी तुमाला सांगितलं हुतं. मंग उतरला कशाला?"

"काय सांगितलं हुतं?"

"तुमची बदली केली म्हनून."

"म्हनून तर उतरलो. माझ्या जागी जालिंदर घ्यायचा हुता तुमाला."

नानासोनं दोन्ही हातांनी तोंड पुसलं. "आवं, ती बदली न्हवं. तुमची बदली केली हुती पहाऱ्यावर. आमचा म्हातारा जमादार गेला, त्याची जागा. कायमची. मालक कप घेताना सगळ्यांम्होरं सांगनार हुते. तुमी लंगडताना दिसला म्हनून मी आधीच सांगितलं. म्हटलं, आता काळजी नको, बसा निवांत. जालिंदरला पॅड त्याच्यासाठीच बांधाया लावलं."

पलंगाशेजारी खिडकी होती. ज्ञानू खिडकीकडं तोंड करून पडला. शेवटी ज्ञानूनं विचारलं, "आन् आता?"

"पहाऱ्याच्या जागेला डॉक्टरी लागती," नानासो म्हणाला. "चालायला पायजे, पळायला पायजे. मी मालकांना लय सांगितलं. ते म्हनाले, पाय बरा झाला की बघू. पन गेट मोकळं ठेवता येत न्हाई. जालिंदरला घेतला." मग आवाज उतरवून म्हणाला, "दुसरं एक झालंय. मॅचच्या दिवशी सकाळी उंब्रजचा एक ट्रकवाला गिरणीत आला हुता. मीच त्याच्यासंगं तुमच्या घरी निरोप धाडला. कायम झाला, खोली मिळाली म्हनून. म्हटलं, बाईला आनंद हुईल."

म्हणजे मालकांना ठाऊक होतं, नानासोला ठाऊक होतं, ट्रकवाल्याला ठाऊक होतं, दुपारपर्यंत उंब्रजच्या पलीकडं बयाबाईलाही ठाऊक झालं होतं. एक ज्ञानू सोडून साऱ्या मुलखाला ठाऊक होतं. आणि ज्ञानू त्या वेळी गोलात एका पायावर उभा राहून, जे त्याला मिळालेलंच होतं ते वाचवत होता.

जालिंदरही एकदा येऊन गेला. घरचं घोंगडं आणलं होतं, ते ज्ञानूच्या पायावर घातलं. पुष्कळ वेळ बसला. "दादा, मी न्हाई म्हनालो असतो," तो म्हणाला, "पन घरी सा मानसं हायती." ज्ञानू म्हणाला, "न्हाई कशाला म्हनायचं. तू चांगला हायेस. नुसता उजवीकडं उशिरा जातोस, तेवढं बघ." पोराचा त्याला राग आला नाही. राग यायलाही अंगात काहीतरी लागतं.

प्लास्टर निघाल्यावर सिद्धू त्याला घेऊन आला. एस.टी.त उजवा पाय वाटेत लांब करून बसावं लागलं, चढणारा उतरणारा प्रत्येकजण त्याला अडखळत होता. उंब्रजच्या स्टँडवरून बैलगाडी. ज्ञानूनं वाटेत भावाला विचारलं, "बया काय म्हनती?" सिद्धू बैलांशी बोलत राहिला. मग म्हणाला, "गेल्यावर कळंल."

घरी गेल्यावर कळलं. निरोप आला त्याच दिवशी बयाबाईनं आपली भांडी चुलीपासून वेगळी काढली होती. लग्नातली परात, दोन तपेली, तांबे, माहेरहून आणलेली लाकडी काटवट, सगळं घासून पुसून पोत्यात भरलं होतं. आणि इतकी वर्षं दाबून ठेवलेलं एक वाक्य रंगुबाईला चार बायकांच्या देखत ऐकवलं होतं. "आक्का, तुमच्या हातनं मोजून लय खाल्लं. आता माज्या हातनं न मोजता खाईन." त्या निरोपानंतर दुसऱ्या दिवशी दवाखान्याचा निरोप आला, तरी तिनं पोतं सोडलं नव्हतं. पाय मोडला तर मोडला, खोली तर झालीय ना, असं तिचं म्हणणं. तेव्हापासून दोघी जावा एकमेकींशी बोलत नव्हत्या, आणि बयाबाई एका बाजूला तीन दगड मांडून एका डब्यात आपलं एकटीचं शिजवून खात होती.

ज्ञानूला ओसरीवर भिंतीला टेकून बसवला. पाय पुढं लाकडासारखा सरळ. बयाबाईनं पाणी आणून दिलं आणि समोर बसली. त्यानं तिला सगळं सांगितलं. नानासो काय म्हणाला, आपण काय ऐकलं, आपण का उतरलो. काही लपवलं नाही. सांगून झाल्यावर तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला. तिला रडू येईल असं त्याला वाटलं होतं.

"तुमाला इचारता आलं न्हाई?" ती म्हणाली.

"काय?"

"कसली बदली म्हनून. येवडंच. दोन शब्द."

"पलटनीत बदलीला कोन इचारत न्हाई," तो म्हणाला.

"ही पलटन न्हवती," बयाबाई म्हणाली. आवाज चढवला नाही. ती इतकी थकली होती की आवाज चढवणं तिच्याच्यानं झालं नसतं. "मी तितं असते तर इचारलं असतं. पन मी कवा तुमच्या संगं असनार? त्याच्यासाठीच तर खोली पायजे हुती."

ऊन ओसरीवरून खाली उतरलं. घरात रंगुबाईच्या बांगड्यांचा आवाज येत होता, पिठाचा डबा उघडल्याचा आवाज आला, मग तो थांबला. बऱ्याच वेळानं ती दारापर्यंत आली. दोघांकडं न बघता, अंगणाकडं बघत म्हणाली, "बया, काटवट दे गं तुजी. परात येवडीशी हाय, पीठ सांडतंय."

रंगुबाई तशीच दारात थांबली. मग पुन्हा म्हणाली, "पीठ किती घ्यू, ते तूच सांग."

बयाबाईनं डोळे पुसले, पदरानं नाक पुसलं आणि उठली. कोपऱ्यातलं पोतं ओढून तिनं त्याची गाठ सोडायला घेतली. गाठ पक्की मारलेली होती, दातांनी ओढावी लागली. "त्यास्नी धरून पीठ घ्या, आक्का," ती म्हणाली. "त्ये आता हितंच हायती."

तिनं काटवट आत नेली, मग परात, मग एकेक तपेलं. ज्ञानू भिंतीला टेकून बघत होता. पोतं जड होतं आणि तिची कंबर दुखत असणार, हे त्याला दिसत होतं. उठून तिला हात द्यावा म्हणून त्यानं दोनदा हात टेकले, पण त्याला उभं राहता आलं नाही.